वचनपत्रावरची तारीख

जीव द्यावासा वाटतो का, हा प्रश्न सरळ विचारायचा असतो. आडवळणाने विचारला तर उत्तरही आडवळणाने येते. विचारल्यामुळे ती कल्पना माणसाच्या डोक्यात शिरते, असा नातेवाइकांचा समज असतो. या कामातल्या पहिल्या वर्षी तो माझाही होता. तसे होत नाही. हा प्रश्न ऐकल्यावर बहुतेकांचे खांदे जरा सैल होतात, कारण तोवर कुणी विचारलेलेच नसते.

हैदराबादेत हा प्रश्न मी तीन भाषांत विचारत असे. तेलुगूत 'चच्चिपोवालनि उंदा?' एवढे पुरे. दखनीत 'जीने कू दिल नै कर रा क्या?' म्हटले की समोरची बाई पदर तोंडाशी नेऊन सगळे सांगून टाकी. मराठीत मात्र अडे. काचीगुडा, बरकतपुरा, नल्लकुंटा इथली आपली माणसे मान हलवत म्हणत, "छे छे, तसलं काही नाही हो. कंटाळा आलाय, एवढंच." सुरुवातीला 'कंटाळा' हा शब्द मी हलका समजून लिहून घेत असे. पुढे त्याखाली रेघ मारायला शिकले.

एका खासगी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात मी सामाजिक कार्यकर्ती होते. त्याआधी चार वर्षे याच शहरातल्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होते. तिथे आत्महत्येची बातमी चार ओळींत बसवायची असे. नाव, वय, वस्ती, आणि शेवटी 'कारण समजू शकले नाही'. समजून घ्यायला कुणी गेलेलेच नसे. त्या वाक्याची लाज वाटून मी वृत्तपत्र सोडले, असे रुग्णालयातल्या मुलाखतीत मी सांगितले होते. ते निम्मे खरे होते. उरलेले निम्मे म्हणजे रात्रपाळी.

बाहेरच्या माणसाला आमचे काम नीट कळत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. निदान आणि औषध डॉक्टरांचे. रुग्णाला आणि नातेवाइकांना वेगवेगळे बसवून हकीकत घ्यायची, दोन हकिकतींतला फरक लिहायचा, घरी दिवसभर कोण असते, औषधे कुणाच्या ताब्यात राहतील, रुग्णावर लक्ष कोण ठेवील हे ठरवायचे, हे कार्यकर्तीचे. रुग्णाला ठेवून घ्यायचे की घरी सोडायचे, हा निर्णय दोघांनी मिळून करायचा आणि सही डॉक्टरांनी करायची. हा निर्णय करायला साधारण पाऊण तास मिळे. बाहेर बाकावर रांग असे.

आर्थिक धोरण बदलल्यावर शहरात खासगी रुग्णालये भराभर उभी राहिली, त्यांतलेच आमचे एक. नामपल्ली स्टेशनापासून रिक्षाने दहा मिनिटे. आमच्या मजल्यावर आठ खाटा होत्या आणि पाटी होती 'न्यूरो केअर'. 'मनोविकार' असे लिहिले तर लिफ्टमध्ये लोक त्या मजल्याचे बटण दाबत नाहीत, असे व्यवस्थापनाचे निरीक्षण होते. ते बरोबर होते.

आत्महत्येचा प्रयत्न हा तेव्हा गुन्हा होता. मध्यंतरी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द ठरवले आणि दोन वर्षांनी पुन्हा वैध ठरवले. आमच्या भागातल्या पोलिसांना या दोन्ही निकालांनी काही फरक पडल्याचे दिसले नाही. असा रुग्ण आला की त्यांना कळवायचे, मग जबाब, मग घरी शिपाई, मग शेजारी. यातून सुटायला शहरातल्या बऱ्याच नर्सिंग होमनी एक शब्द धरला होता, 'अपघात'. तो दयेपोटी लिहिला जाई. पण अपघात झालेल्या माणसाला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवण्याचे कारण उरत नाही. तब्येत सुधारली की तो घरी जातो, जिथून आला तिथेच.

आमच्या विभागाचे प्रमुख डॉ. मूर्ती. हुशार, मितभाषी, तेलुगू घरातले, पण बोलणे अस्सल हैदराबादी. हातात सतत पेन, आणि ते पेन कधी स्वतःचे नसे. त्यांच्या आणि माझ्या हातून झालेल्या एका निर्णयाबद्दल हे लिहीत आहे. त्याआधी दुसरा एक सांगावा लागेल, कारण त्यातूनच हा निघाला.

पुण्याहून आलेली एक मुलगी, वय सव्वीस, शहराच्या पश्चिमेला नव्याने उघडलेल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. मैत्रिणीने तिला आमच्याकडे आणले. जीव द्यायचा दिवस तिने ठरवला होता आणि तो तिने आम्हाला शांतपणे सांगितला. तिला राहायचे नव्हते. इच्छेविरुद्ध ठेवायचे तर जबाबदार माणसाची सही लागते. पुण्याच्या घरी फोन उचलला जाईना. मी तिच्या कार्यालयात फोन केला. तासाभरात तिथला एक अधिकारी गाडी घेऊन आला, त्याने सही केली, आणि मुलगी अकरा दिवस आमच्याकडे राहिली. बरी होऊन गेली. महिन्याभरात तिची नोकरी गेली. कारण कुणी लेखी दिले नाही.

ती परत आली ती माझ्याशी बोलायला.

"मॅडम, फोन कुणाला केलात तुम्ही?"

"तुमच्या ऑफिसला. घरी कुणी उचलत नव्हतं."

"आईबाबा चुलतबहिणीच्या लग्नाला गेले होते. दुसऱ्या दिवशी उचलला असता. एक दिवस थांबायला काय झालं होतं?"

"त्या एका दिवसात तुम्ही..."

"बरं, वाचवलंत. मग आता काय करू ते पण सांगा ना. टीममधली सगळी मला 'मेंटल' म्हणून ओळखतात. सांगा."

तिने व्यवस्थापनाकडे तक्रार केली. तक्रार मुद्देसूद होती. मी उपसंपादक असते तर एक शब्दही कापला नसता. व्यवस्थापनाने डॉ. मूर्तींना बोलावून सांगितले की रुग्ण हा आता ग्राहक आहे, त्याला कोंडणे कमीत कमी व्हावे, आणि त्याच्या संमतीवाचून त्याच्याबद्दल कुणालाही काहीही कळू नये. ती मुलगी माझ्या माहितीप्रमाणे आजही हयात आहे. आम्ही तिच्यापासून जे शिकलो, त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

व्यवस्थापनाच्या सूचनेनंतर डॉ. मूर्तींनी मला वचनपत्राचा मसुदा करायला सांगितले. असली वचनपत्रे तेव्हा परदेशातही वापरत; त्यांनी एका परिषदेत ऐकले होते. मी लिहिले: 'मी पुढील भेटीपर्यंत, म्हणजे दिनांक अमुकपर्यंत, स्वतःच्या जिवाला अपाय करणार नाही. तसा विचार बळावल्यास आधी या विभागात येईन किंवा फोन करीन.' खाली सही, साक्षीदार, तारीख. तीन भाषांत. एक शब्द जास्त नव्हता. मला त्या मसुद्याचा अभिमान होता, हे नमूद करायला हवे.

त्यात भर घातली ती आमच्या आयाने, अमीनाबींनी. त्या म्हणाल्या, "कागद से क्या होता मैडम? बच्चे की कसम दिलाओ." नातेवाइकांनाही तेच पटे. मग रुग्ण सही करी आणि लेकराच्या डोक्यावर हात ठेवून कागद मोठ्याने वाची. बायका रडत, पुरुष खिडकीकडे पाहत, आणि खोलीतल्या सगळ्यांना काहीतरी झाल्यासारखे वाटे. आम्हालाही वाटे. वचन मोडून कुणी गेल्याचे आमच्या कानावर आले नाही. जे परत आलेच नाहीत, त्यांची चौकशी करायला आमच्याकडे माणूस नव्हता.

ज्यांच्यासाठी हे लिहीत आहे, त्या रुग्णाला मी इथे दिगंबरराव म्हणेन. घराणे मूळचे उदगीरकडचे, आजोबांच्या काळी शेती सोडून हैदराबादेत आलेले. नल्लकुंट्यात दोन खोल्यांचे स्वतःचे घर. वय बावन्न. एका सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये एकोणतीस वर्षे काढली आणि आठ महिन्यांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतली. बरोबर पत्नी सुमनताई, एका शाळेत शिवण शिकवणाऱ्या, आणि सुमनताईंचे भाऊ वसंतराव, स्टेशनरीचे दुकानदार. घरातले सगळे निर्णय वसंतराव करतात, हे पाच मिनिटांत कळले. प्रश्न बहिणीला विचारला की उत्तर ते देत.

दहा दिवसांपूर्वी दिगंबरराव एका नर्सिंग होममधून सुटले होते. त्यांच्या कागदावर 'अपघात' होते. नशिबाने त्यांच्या जुन्या फॅमिली डॉक्टरने तो कागद वाचला, दिगंबररावांकडे पाहिले, आणि चिठ्ठी देऊन आमच्याकडे पाठवले.

"मॅडम, कागदावर आहे तेच राहू द्या," वसंतराव म्हणाले. "पोरीचं जमलंय. लातूरची माणसं आहेत. दहा ठिकाणी चौकशी केल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत."

मी दोघांना बाहेर बसवले आणि दिगंबररावांना प्रश्न विचारला, सरळ.

"कंटाळा आलाय, ताई," ते म्हणाले. मग म्हणाले, "मला कुणी काढलं नाही. तसं असतं तर बरं होतं, शिव्या तरी देता आल्या असत्या. मीच सही केली. हार घातले, फोटो काढला, चांदीचं भांडं दिलं. कंपनीची बस अजून सहा चाळीसला नाक्यावर येते. मी आंघोळ करून, कपडे घालून बसलेला असतो. ड्रायव्हर सवयीनं हॉर्न देतो. त्याचा काय दोष?"

"घरी बोललात कुणाशी?"

"काय बोलणार? मेव्हणे म्हणतात दुकानात बसा. वह्यापेनं विकायला. मी हजारांश मिलिमीटरमध्ये काम केलेला माणूस."

"पुन्हा तसं करावंसं वाटतं?"

त्यांनी 'नाही' म्हटले नाही. म्हणाले, "आत्ता नाही."

हे दोन शब्द मी जसेच्या तसे लिहिले. कागद अजून डोळ्यांसमोर आहे.

डॉ. मूर्तींचे मत पडले की धोका मोठा आहे, किमान दोन आठवडे ठेवावे. दिगंबरराव राहायला तयार नव्हते. सक्तीने ठेवायचे तर सुमनताईंची सही हवी होती. त्यांनी भावाकडे पाहिले. भाऊ म्हणाला, "साखरपुडा तीन आठवड्यांवर आलाय आणि मुलीचा बाप वेड्यांच्या वॉर्डात! लातूरला कळायला किती वेळ लागतो?"

सुमनताईंनी हात पदरात घेतले. सही झाली नाही.

मग घरी सोडायचे तर लक्ष कोण ठेवणार, हा माझा प्रश्न. सुमनताई सकाळी सातला बाहेर पडत, तीनला येत. वसंतराव दुकानात. दिवसा घरात एकच माणूस असे, मुलगी अर्चना. ती मेडिकल ट्रान्सक्रिप्शनची नोकरी करत होती. अमेरिकेतले डॉक्टर तिकडे रुग्णांबद्दल जे बोलून ठेवत, ते इथल्या मुली कानाला हेडफोन लावून रात्रभर टाइप करत. शहरात तेव्हा ही नवी नोकरी होती. अर्चना पहाटे कंपनीच्या गाडीने घरी येई आणि दुपारपर्यंत झोपे.

"मग अर्चनाला सांगावं लागेल," मी म्हणाले.

"तिला नाही," दिगंबरराव म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "बाकी म्हणाल ते कबूल. तिला कळलं तर ती स्वतःच हे लग्न मोडेल. बाबांना सोडून जात नाही म्हणेल. मी ओळखतो तिला."

मी डॉक्टरांना बाजूला घेतले. त्या मुलीला सांगितल्याशिवाय घरी सोडणे म्हणजे एकट्याला सोडण्यासारखे आहे, असे मी म्हणाले. म्हणाले, पण हट्ट धरला नाही. डॉ. मूर्तींच्या मनात पुण्याची मुलगी होती. माझ्याही.

"पेशंट बोलरा, नक्को. उसका हक है ना मैडम? पिछले टाइम बिना पूछे बताए तो क्या हुआ, देखे ना आप?"

दोघांचेही म्हणणे वैद्यकीय नीतीच्या पुस्तकात सापडते. रुग्णाचे गुपित राखावे, हेही तिथे आहे. जीव धोक्यात असेल तर गुपितापेक्षा जीव मोठा, हेही आहे. दोन्ही वाक्ये आम्हाला पाठ होती. आम्ही त्यांतले सोपे उचलले.

डॉक्टर परत येऊन खुर्चीवर बसले. "दिगंबरराव साब, घर जाको क्या करते?"

"बहुत काम है साब. हॉल बोलना है, पकवान वाले कू बोलना है. मेरे साले कू दुकान से फुरसत नै, मैं नै करा तो कौन करता?"

"फिर वैसा खयाल आया तो?"

"कब आता साब? मंगनी तक मेरे कू मरने की फुरसत नै."

सगळे हसले. वसंतराव सर्वांत मोठ्याने.

मी वचनपत्र काढले. आमचा नियम आठ दिवसांचा होता; दर भेटीला नवी तारीख, नवी सही. दिगंबररावांनी कागद पूर्ण वाचला. टूलरूममधला माणूस, मोजमाप पाहिल्याशिवाय सही करणारा नव्हता.

"आठ दिवसांची नको, ताई. मध्ये एकदा औषधं न्यायला येतोच. पण वचन एकदाच देतो. साखरपुडा रविवारी आहे. सोमवारची तारीख घाला."

डॉ. मूर्ती मान डोलावून म्हणाले, "अच्छा है. आगे का सोचरा." माणूस पुढचे बेत करू लागला की ते सुधारणेचे लक्षण मानतात. मी सोमवारची तारीख घातली. सकाळी अकराची भेट.

वसंतराव म्हणाले, शपथ घ्या. पण ज्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवायचा, तिला कळू द्यायचे नव्हते. दिगंबररावांनी पाकिटातून तिचा फोटो काढला. स्थळांना पाठवायला काढलेला, स्टुडिओतला. तो टेबलावर ठेवला, त्यावर उजवा हात ठेवला आणि कागद वाचला. न अडखळता, तारखेसकट.

ते गेल्यावर अमीनाबी चहाचे कप उचलत म्हणाल्या, "कसम खाते वक्त रोते आदमी. ये रोए नै."

"सब रोते क्या? आप डॉक्टर हो गए क्या अमीनाबी?" मी म्हणाले.

"नै माँ. मेरी क्या औकात," त्या म्हणाल्या आणि कप घेऊन गेल्या.

बाराव्या दिवशी दिगंबरराव एकटेच आले. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. बाहेर चौदा जण बसले होते. झोप लागते म्हणाले. काचीगुड्याचा हॉल मिळाला, आचारी ठरला. विजेचे मीटर सुमनताईंच्या नावावर करून घेतले, गॅसचे पुस्तकही. पाण्याची मोटर कशी सुरू करायची ते तिला शिकवले. इतकी वर्षे तिने हात लावला नव्हता. घरातल्या सगळ्या किल्ल्यांना चिठ्ठ्या लावल्या. हे सगळे त्यांनी मला मोठ्या समाधानाने सांगितले, आणि मीही ते समाधानाने ऐकले.

त्या दिवशीची माझी नोंद अशी आहे: 'झोप सुधारली. घरकामात रस. आत्महत्येचे विचार नाकारतो. सुधारणा समाधानकारक.'

माणूस घराची आवराआवर करू लागला की आधी थांबून विचारायचे असते, हे मला ठाऊक होते. विभागात कामाला येणाऱ्या नव्या मुलींना मीच शिकवत असे.

साखरपुडा झाला. सोमवारी अकरा वाजता दिगंबरराव आले नाहीत. अकरा चाळीसला मी त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिले. बारा वाजता वसंतराव आले. ते बसले नाहीत.

"गेले," म्हणाले.

मी काहीतरी विचारायचे म्हणून विचारले, "आणि कार्यक्रम?"

"छान झाला. पंगतीत सगळ्यांना स्वतः वाढलं त्यांनी. लातूरकरांना आग्रह करकरून." मग म्हणाले, "तुमच्याकडे आज अकराला यायचं होतं ना? सकाळी सुमनला म्हणाले, तू जा शाळेत, मी जाऊन येतो दवाखान्यात."

सुमनताई सातला बाहेर पडल्या. अर्चना शेजारच्या खोलीत झोपलेली होती. कसे झाले, ते इथे लिहिण्याचे कारण नाही.

दिगंबररावांनी वचन पाळले होते. सोमवारपर्यंतचे होते. सोमवार उजाडला होता.

पोलीस आले. त्यांना वचनपत्र दाखवले. सही, साक्षीदार, तारीख, सगळे जागच्या जागी. त्यांनी झेरॉक्स घेतली, चहा घेतला आणि रुग्णालयाला एकही प्रश्न विचारला नाही. आठवड्याने व्यवस्थापनाचे पत्र आले. कागदपत्रे व्यवस्थित ठेवल्याबद्दल विभागाचे कौतुक होते, आणि वचनपत्र यापुढे रुग्णालयाच्या बोधचिन्हासह जाड कागदावर छापून मिळेल असे होते. मिळालेही. शंभराच्या गठ्ठ्यांत, कार्बनसह.

मी डॉ. मूर्तींना म्हणाले की हा कागद बंद करू या.

"कायकू?"

"सर, तारीख हमने डाली."

"मांगी उसने."

"देने वाले हम थे."

त्यांनी माझे पेन उघडले, मिटले. मग म्हणाले, "कागद बंद करे तो हर पेशंट कू रोकना पड़ता. आठ बेड हैं मैडम. किसकू रोकते, किसकू छोड़ते, आप बोलो." त्यांचा प्रश्न खरा होता. हाताशी कागद होता. तो राहिला. मी त्याच खुर्चीवर बसून पुढची कित्येक वर्षे त्यावर तारखा घातल्या. फक्त आठ दिवसांपलीकडची कधी घातली नाही. आता असली वचने घेऊ नका असे शिकवतात. रुग्णाबरोबर बसून, विचार बळावला तर काय करायचे, कुणाला हाक मारायची, हे लिहून काढतात, आणि शक्य तिथे घरातल्या एका माणसाला त्यात सामील करून घेतात. चांगले आहे. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हते, असे म्हणायची सोय आहे. पण घरात दिवसा कोण असते, हे तर मी स्वतःच विचारले होते.

दिगंबररावांना जाऊन महिना झाला असेल. सकाळी आठला मी खोलीचे कुलूप काढत होते. बाकावर एक मुलगी बसली होती. डोळे तांबारलेले, गळ्यात कंपनीचे ओळखपत्र. कामावरून थेट आली होती.

"मी अर्चना. दिगंबररावांची मुलगी. बाबांची फाइल बघायची आहे."

नियमाने दाखवता येत नव्हती. मी दाखवली.

तिने ती पहिल्या पानापासून वाचली. नातेवाईक फाइल वाचतात तेव्हा अडतात, अर्थ विचारतात. ही अडली नाही. हे तिचे रोजचे काम होते.

बाराव्या दिवसाच्या नोंदीवर तिने बोट ठेवले. "हे 'विचार नाकारतो' तुमचं आहे?"

"हो."

"आमच्याकडे रोज येतं हे वाक्य. पेशंट डिनाइज अमुक, पेशंट डिनाइज तमुक. डॉक्टर एका दमात बोलून टाकतात. आम्ही तर ते आधीच टाइप करून ठेवतो." तिने वर पाहिले. "तुम्ही विचारलं होतं का त्या दिवशी?"

बाहेर चौदा जण होते, हे मी सांगितले नाही. "आठवत नाही," म्हणाले. ते खरे होते, आणि तिला जे कळायचे ते कळले.

मग वचनपत्र आले. ते तिने दोनदा वाचले. तारखेवर थांबली.

"माझ्या फोटोवर हात ठेवला म्हणे. मामा सांगत होते."

"हो."

"मी घरात होते, मॅडम. सोमवारी. भिंतीपलीकडे. एवढं एक मला सांगितलं असतं, तर मी झोपलेच नसते."

मी विषय बदलला, किंवा बदलायचा प्रयत्न केला. लग्नाचे विचारले.

"होईल. वर्षाच्या आत करू म्हणतात. मी त्यांना सगळं खरं सांगितलं, मामांना न विचारता. मोडायचं तर मोडू दे म्हटलं." ती जरा हसली, पण ते हसू चेहऱ्यावर टिकले नाही. "माझ्या सासूबाई काय म्हणाल्या ठाऊक आहे? आमच्याकडे पण एक झालंय, बाई. ह्यांच्या काकांचं. आम्ही तुम्हाला कसं सांगावं, या काळजीत होतो."

खोलीत अमीनाबी फरशी पुसत होत्या. त्या थांबल्या आणि पुन्हा पुसू लागल्या.

अर्चनाने फाइल मिटून माझ्याकडे सरकवली. "मला सांगायचं नाही, हे कुणी ठरवलं?"

"तुमच्या बाबांनी. त्यांनी निक्षून सांगितलं होतं. त्यांच्या इच्छेबाहेर..."

"बाबा आजारी होते, मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही नव्हता."

ती उठली, ओळखपत्र गळ्यातून काढून पर्समध्ये टाकले आणि जिन्याने खाली गेली. लिफ्टसाठी थांबली नाही.

फाइलमध्ये त्या सकाळची नोंद आहे. 'मुलगी भेटून गेली. समुपदेशन केले.' अक्षर माझे आहे.